पुठ्ठ्यावरचा हिरवा थेंब

मामा,

तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. काल सकाळी गाडी सुरू झाली नाही.

तुमच्या दिवसांसाठी बोटीवरून आलेला नितेश अजून घरीच आहे. त्याला शिरढोणला तुमच्या मावसभावाकडे जायचं होतं. त्याने किल्ली फिरवली तर नुसतं कट्, कट्, कट्. डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले आणि विझले. "बॅटरी गेली. नवीन मागवतो," म्हणून त्याने फोन हातात घेतला. मी म्हटलं, थांब जरा. त्याला हेडलाइट लावायला सांगितले आणि गाडीसमोर उभी राहिले. दिवे चांगले लख्ख लागले. मग म्हटलं, आता किल्ली फिरव. फिरवल्याबरोबर दोन्ही दिवे एकदम बसले. म्हणजे बॅटरीत जीव होता, पण तो स्टार्टरपर्यंत पोचत नव्हता. बॉनेट उघडलं. बॅटरीच्या एका टोकावर पांढरट हिरवी बुरशी धरल्यासारखी भुकटी साचली होती आणि वरची पकड हाताने हलत होती. आधी वजा, मग अधिक, अशा दोन्ही पकडी सोडवल्या, गरम पाणी ओतलं, पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलं, दहा नंबरच्या पान्याने आवळलं, वरून बोटभर ग्रीस लावलं. एका किल्लीत गाडी चालू झाली.

नितेश बघत राहिला. आयुष्य बोटीच्या इंजिनरूममध्ये काढणारा माणूस तो. म्हणाला, "तुला हे कुणी शिकवलं?"

तुमचं नाव घेतलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी आत जाऊन बेसिनवर हात धूत बसले, बराच वेळ.

नितेशशी लग्न होऊन पुण्याहून आले तेव्हा सासऱ्यांना मामा म्हणायची तुमच्या घरची रीत मला जड जायची. तुम्हीही माझ्याशी बोलायला बिचकत होतात. तुम्ही सातवी शिकलेले. तीसेक वर्षं जासईच्या कंटेनर यार्डात ट्रेलरखाली पाठीवर पडून काढलेली. सून शाळेत विज्ञान शिकवणारी. तुम्ही "आमी", "नाय" म्हणालात की माझ्याकडे बघून अडखळायचात आणि वाक्य अर्धवट सोडायचात. आपण एका घरात दोन वर्षं जवळजवळ मुक्यानेच राहिलो. नितेश आठ-आठ महिने समुद्रावर. खांदा कॉलनीच्या या फ्लॅटमध्ये आपण दोघं आणि टीव्हीचा आवाज.

बोलायला लागलो ते गाडीमुळे. नितेशने बोटीवरच्या पहिल्या कमाईतून घेतलेली ती सात जणांची डिझेल गाडी. तुम्ही जन्मभर दुसऱ्यांची वाहनं दुरुस्त केलीत. दारात आपलं म्हणून उभं राहिलेलं हे पहिलंच. त्यामुळे एक लाख किलोमीटर झाले, दोन लाख झाले, लोक म्हणायला लागले की आता विका, तरी तुम्ही ऐकायचा नाहीत.

एकदा सकाळी मी शाळेला निघाले, तर तुम्ही गाडीखालून एक पुठ्ठा ओढून काढत होतात. मी विचारलं, हे काय? तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा न अडखळता बोललात.

"बाय, गाडी रात्रभर काय काय टाकते ता या पुठ्ठ्यावं लिवलेला असतं. काळा थेंब म्हंजे इंजिनचा ऑइल. लालसर असला तं स्टेरिंगचा. नुसता पाणी असला तं एसीचा, त्याला भिवाचा नाय. आन हिरवा असला..." तुम्ही थांबलात, पुठ्ठा माझ्यासमोर धरलात, "हिरवा असला तं कूलंट, इंजिन थंड ठेवतं ता पाणी. त्या दिवशी गाडी लांब न्यायची नाय."

शाळेत मी वर्षानुवर्षं ओहमचा नियम फळ्यावर लिहिला. पण तारेच्या टोकाला मळ बसला की विरोध वाढतो आणि त्यापायी गाडी रस्त्यात उभी राहते, हे तुम्ही दाखवलंत तेव्हा मला माझाच धडा कळला. रविवारी सकाळी तुम्ही शेजारी बसून मला गाडी कॉलनीत फिरवायला लावायचात. स्टेरिंग पूर्ण वळवल्यावर टक-टक वाजलं तर एक्सलचा जॉइंट. सरळ रस्त्यावर वेग वाढेल तसा घूं आवाज वाढत गेला तर चाकाचं बेअरिंग. गतिरोधकावर धप्प झालं तर खालचे रबराचे बुश. चढावर इंजिन ओरडतंय पण गाडी पुढे सरकत नाही, तर क्लच घसरतोय. "आधी बग, मग आयक, मग वास घे. पाना सगल्यान शेवटी," असं तुम्ही म्हणायचात. मी तुमच्या बोलण्यावर कधी हसले नाही आणि तुम्ही माझ्या चुकांवर. मला वाटतं, आपलं नातं जमलं ते तिथे.

आता त्या एप्रिलबद्दल. तीन वर्षं मी हे कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगायची गरज नव्हती, कारण तुम्हाला माहीतच होतं. सांगायला हवं होतं ते एवढंच, की मलाही माहीत आहे.

सोमवारी पुठ्ठ्यावर हिरवा थेंब पडला. तुम्ही वाकून टॉर्चने बघितलंत आणि सांगितलंत, वॉटर पंप पाझरतोय. पंप बदलायचा तर टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो. गुडघ्यांमुळे तुम्हाला आता गाडीखाली जाता येत नव्हतं. तुम्ही म्हणालात, पळस्प्याला रफिकभाईकडे एक दिवस गाडी सोड. मी म्हटलं, मामा, परीक्षेचे पेपर तपासायचेत, पुढच्या आठवड्यात. मंगळवारी तुम्ही परत म्हणालात. बुधवारी थेंबाची जागा बशीएवढ्या डागाने घेतली होती. तुम्ही पुठ्ठाच स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवलात. मी तो ओलांडून गेले. रोज सकाळी तुम्ही कूलंटची बाटली घेऊन खाली जायचात आणि भर घालायचात. तेवढ्यावर गाडी शाळेपर्यंत जात-येत होती.

गुरुवारी सकाळी पुण्याहून माझ्या भावाचा फोन आला. बाबांना पहाटे हॉस्पिटलमध्ये नेलं होतं, डॉक्टरांनी जवळच्यांना बोलवायला सांगितलं होतं.

मी पर्स घेऊन धावत खाली आले. तुम्ही माझ्यामागे चप्पल घालत आलात. म्हणालात, "बाय, भाड्याची गाडी बोलवू. हीना घाट नाय झेपायचा." मी म्हटलं, ती यायला अर्धा तास जाईल. तुम्ही बॉनेटला हात घातलात, निदान पाणी तरी बघू. आणि मी ओरडले, "मामा, वेळ नाहीये!" तुम्ही हात काढून घेतलात आणि माझ्या शेजारी येऊन बसलात.

खोपोलीपर्यंत तापमानाचा काटा अर्ध्यावर होता. तिथून पुढे तो सरकायला लागला. तुम्ही म्हणालात, हितं थांबव, घाटाच्या पायथ्याला, अर्धा तास गार होऊं दे, पाणी घालू. मी म्हटलं, अर्ध्याच्या थोडाच वर आहे. तुम्ही हात पुढे करून हीटर पूर्ण चालू केलात, इंजिनची थोडी उष्णता तरी आत ओढून घ्यायला. एप्रिलच्या उन्हात आपल्या तोंडावर गरम वाफेसारखी हवा येत होती, तुमच्या कपाळावरून घाम गळत होता आणि तुम्ही त्या काट्याकडे बघत एकच सांगत होतात, "थांब बाय. थांब आता." मी थांबले नाही.

घाटात दुसऱ्या वळणानंतर बॉनेटच्या फटीतून वाफ आली, इंजिनची ताकद गेली आणि गाडी आपली आपण कडेला लागली.

पुढचं आठवलं की आजही माझे कान तापतात. तुम्ही बॉनेट उघडून बाजूला उभे राहिलात. म्हणालात, गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, वीस मिनिटं तरी द्यायला हवीत. हे तुम्हीच मला पहिल्या महिन्यात शिकवलं होतंत. आणि मी रस्त्यात उभी राहून, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, तुम्हाला म्हटलं, "तुमच्या या भंगाराच्या हट्टापायी माझे बाबा जातील. उघडा ते झाकण! घाला पाणी!"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग खांद्यावरचा टॉवेल झाकणावर ठेवलात आणि ते फिरवलंत.

उकळतं पाणी तुमच्या मनगटापासून कोपरापर्यंत आलं. तुम्ही ओरडला नाहीत. फक्त दोन पावलं मागे सरलात आणि डाव्या हाताने उजवा हात धरून कठड्यावर बसलात. एका कुटुंबाची गाडी थांबली. ती माणसं पुण्यालाच चालली होती. त्यांच्याकडे एकच जागा होती. मी म्हटलं, तुमच्या हाताचं काय? तुम्ही म्हणालात, "हाताला काय नाय झाला. तू जा. तुजा बाप वाट बगतंय."

मी गेले. तुम्हाला तसंच कठड्यावर सोडून गेले.

मी पोचले तेव्हा बाबांना जाऊन चाळीस मिनिटं झाली होती.

तुम्ही संध्याकाळी आलात. गाडी टो करून खोपोलीला लावली होतीत, कुणा टेम्पोवाल्याने तुम्हाला पुण्यापर्यंत आणलं होतं. ओला रुमाल हाताला गुंडाळून तुम्ही दाराशी उभे होतात, आत यावं की नाही अशा विचारात. माझा भाऊ, दादा, तुमच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याने विचारलं, "गाडी खराब होती हे माहीत नव्हतं का कुणाला?"

मी भिंतीला टेकून बसले होते. तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत. मी मान खाली घातली.

तुम्ही म्हणालात, "गाडीचा सगला मीच बगतंय, सायेब. माझ्याच ध्यानान नाय रायला. चूक माझी हाय."

दादा तुमच्याशी पुन्हा बोलला नाही. त्याच्या मुलाच्या मुंजीत तुम्ही हात जोडलेत तर तो दुसरीकडे वळला. नितेशने बोटीवरून फोन करून तुम्हाला सुनावलं, की आयुष्यभर हेच काम केलंस आणि घरच्याच गाडीकडे लक्ष नाही? तुमच्या फोनचा आवाज मोठा असायचा. मी शेजारच्या खोलीत होते, मला शब्दन् शब्द ऐकू आला. तुम्ही "हा, हा, चुकला माझा" म्हणालात. मी तेव्हाही उठून आले नाही.

आता वाटतं, पहिल्या दिवशी लाज होती. नंतर उशीर झाल्याची लाज त्यात मिसळली. मग कधीतरी मलाच खरं वाटायला लागलं की चूक तुमची होती. खोटं सोयीचं असलं की त्याची अशी सवय होते.

इंजिनचं हेड उतरवून, घासून, नवं गॅस्केट घालून रफिकभाईंनी गाडी उभी केली. आणि मग तुम्हीच, जन्मात पहिल्यांदा, म्हणालात, "विकून टाकू बाय. तुना ती बगवत नसंल." मीच नको म्हटलं. त्यावरून आपला वाद चालू राहिला तो राहिलाच. तुम्ही दर दोन महिन्यांनी विषय काढायचात, मी टाळायचे. तुम्हाला कदाचित वाटलं असेल की मी तुम्हाला शिक्षा करतेय, ती गाडी रोज तुमच्यासमोर उभी करून. तसं नव्हतं हो. ती विकली असती तर आपल्या दोघांत बोलायला काय उरलं असतं? तुमची रविवारची शिकवणी तुम्ही बंद केली नव्हतीत. उलट आधीपेक्षा कसून शिकवायला लागलात. काटा गर्दीत चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर पंखा बघ, त्याचा फ्यूज बघ. काटा चढावर चढतो, तर पाणी बघ, थर्मोस्टॅट बघ. ऑइलच्या कांडीवर दुधाळ काही दिसलं तर गाडी हलवूच नको. उजव्या मनगटावरची ती गुळगुळीत गुलाबी कातडी माझ्यासमोर हलत असायची आणि तुम्ही सांगत असायचात. एकदाही तुम्ही त्या दिवसाचं नाव काढलं नाहीत.

तुम्हाला हॉस्पिटलमध्ये ठेवल्याच्या चौथ्या दिवशी मी ठरवून आले होते. तुमचा ऑक्सिजनचा मास्क थोडा वेळ काढला होता. मी खुर्ची जवळ ओढली. म्हटलं, मामा, मला तुम्हाला एक सांगायचंय. तुम्ही डोळे उघडलेत आणि विचारलंत, "क्लच सरकतंय क अजून?"

मी म्हटलं, "थोडा. तिसऱ्यावरून चौथ्यावर टाकताना."

"केबल बग पयले. प्लेटीला हात लावू नको लगेच."

मी हो म्हटलं. तुम्ही डोळे मिटलेत. सिस्टर मास्क लावायला आल्या. मी स्वतःला सांगितलं, उद्या. तुम्हाला त्या क्षणी क्लचचीच काळजी होती, की मी काय सांगणार ते ओळखून तुम्ही मला त्यातून सोडवलंत, हे मला कधीच कळणार नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही शुद्धीवर नव्हतात.

आज दुपारी दादा आला.

तेराव्याला तो आला नव्हता. आज कामानिमित्त इकडे आलो होतो म्हणाला, पण तसं नव्हतं, तो मुद्दाम आला होता. तुमच्या फोटोसमोर उभा राहिला, हात जोडले, बसला. नितेशने पाणी दिलं. इकडचं तिकडचं झालं. मग तो म्हणाला, "माणूस गेल्यावर बोलू नये. पण एक खरं सांगतो नितेश, बाबांच्या बाबतीत मी तुझ्या वडिलांना मनातून माफ करू शकलो नाही."

नितेश म्हणाला, "मीही त्यांना बरंच बोललो होतो तेव्हा."

दोघंही तुमच्या चुकीबद्दल इतक्या समजुतीने बोलत होते, मामा, की मला तिथे बसवेना.

मी उभी राहिले. म्हटलं, "चूक त्यांची नव्हती. माझी होती."

आणि सगळं सांगितलं. सोमवार, मंगळवार, बुधवार. बॉनेटवरून काढून घेतलेला हात. पायथ्याशी तुम्ही थांब म्हणालात ते. झाकण कुणी उघडायला लावलं ते. माझा आवाज चढला नाही, मी रडलेही नाही. वर्गात धडा सांगावा तसं क्रमाने सांगितलं. नितेश तोंडावर हात ठेवून बसला होता. मग उठून गॅलरीत गेला.

दादा मला काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत होते. त्याने बोलावं असंच मला वाटत होतं. तो म्हणाला, "ते मला फोन करायचे, तुला माहितीये?"

मला माहीत नव्हतं.

"बाबा गेल्यानंतर महिनाभर रोज. मी उचलत नव्हतो. एकदाच उचलला, भांडायलाच. मला वाटलं माफी मागतील. त्यांनी स्वतःचं काहीच काढलं नाही. म्हणाले, 'सायेब, माझ्यावं राग ठेवा, पन तिच्यावं नको. ती जेवत नाय. दर रविवारी तिला एक फोन करा. मी सांगितला ता सांगू नका.' मी फोन ठेवून दिला. आणि त्या रविवारी तुला फोन केला."

मामा, तीन वर्षं दर रविवारी संध्याकाळी दादाचा फोन येतोय. त्याआधी आम्ही भावंडं सणावारीच बोलायचो. बाबा गेल्यावर भाऊ जवळ आला म्हणून मी मैत्रिणींना कौतुकाने सांगायचे. फोन आला की तुम्ही टीव्हीचा आवाज कमी करायचात आणि उठून आत जायचात. मला वाटायचं, दादा तुमच्याशी बोलत नाही म्हणून तुम्हाला वाईट वाटतं.

दादा जेवून गेला. जाताना गॅलरीत नितेशच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. माझ्याकडे बघून म्हणाला, "मला थोडे दिवस दे." मी हो म्हटलं. त्याचा राग रास्त आहे. आता तो योग्य माणसावर आहे, एवढंच.

नितेश अजून गॅलरीत बसलाय. तो माझ्याशी उद्या बोलेल, किंवा परवा. मी वाट बघेन.

तुम्हाला मात्र मी आजच सांगते, त्या दोघांसमोर सांगून झाल्यावर, उशिरा, तुमच्या रिकाम्या कॉटवर बसून. तुम्ही तीन वर्षं माझी चूक तुमच्या नावावर चालवलीत. आज ती मी माझ्या नावावर करून घेतली. मामा, तुमचं काही चुकलं नव्हतं.